अष्टमीचं पान

अहो,

मी तुमची बायको. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तुमच्या आठवणीचा काही भरवसा नाही. दिल्लीत पहाडगंजच्या गणपतीत मला आरतीच्या रांगेत उभी ठेवून, कुणाशी तरी पगारवाढीच्या गप्पा मारत थेट सरकारी क्वार्टरवर पोचलेला माणूस तुम्ही. कुलूप उघडलंत, पंखा लावलात, आणि खुर्चीत बसून म्हणालात, "चहा टाक." आतून उत्तर आलं नाही तेव्हा कुठे तुम्हाला आठवलं, की आपलं लग्न झालेलं आहे.

मंजिरी म्हणते, पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं. मी म्हटलं, नको. त्यांना वाटेल पत्र दुसऱ्या कुणाच्या बायकोचं आलं.

मंजिरी म्हणजे आपली सून, शिरीषची बायको. मी बोलते आहे, ती लिहिते आहे. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली असल्यामुळे अक्षर छान आहे म्हणतात. मला काय, मुंग्यांची रांग आणि अक्षरं सारखीच. तुम्ही एकदा पाटी आणून मला शिकवायला बसला होतात. 'ग'पाशी आलो आणि स्टोव्हवरचं दूध उतू गेलं. तिथेच माझं शिक्षण संपलं. त्यामुळे तुमच्याबद्दल जे बोलायचं ते सुनेच्या कानावरून जातं, आणि सुनेबद्दल जे बोलायचं ते राहूनच जातं. थांबलीस का ग? लिही, हेही लिही.

आता पत्र कशासाठी, तर उद्या मला दवाखान्यात दाखल व्हायचंय आणि परवा अष्टमी आहे. पितृपक्षातली अष्टमी. म्हणजे तुमची. तुमच्या पानाचं काय ठरलं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून.

माझ्या हृदयाची एक झडप आवळून बसलीय. मेट्रोचा जिना चढताना दम लागायचा, तो मी वयावर ढकलत होते. मग एकदा तिथेच मधल्या पायरीवर खाली बसले. लोक माझ्या बाजूनं असे वाहत गेले, जसं काही मी तिथलीच फरशी. मंजिरीनं रिक्षा केली आणि घरी न नेता सरळ दवाखान्यात नेलं. तेव्हापासून मी माणूस राहिले नाही, पेशंट झाले.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मला कुणी रिटायर केलं नव्हतं. ते आता केलंय, आणि मला त्याचा वीट आलाय. उठू नको, वाकू नको, कुकर उचलू नको, चिडू नको. यातलं 'चिडू नको' सगळ्यात जास्त चीड आणतं. सकाळ झाली की शिरीष माझ्या बोटाला एक चिमटा लावतो, कपडे वाळत घालायचा असतो तसा, आणि त्यावरचे लाल आकडे बघून भुवया हलवतो. मी विचारलं तर म्हणतो, "ठीक है आई, नॉर्मल." नॉर्मल असेल तर भुवया कशाला हलवायच्या?

मग ओट्स. तुमच्या वेळी हे नव्हतं, तुम्ही सुटलात. पतंग चिकटवायला आम्ही लहानपणी खळ करायचो, तशी ती वाटीत येते आणि वाटी उलटी केली तरी पडत नाही. बघूनच शिसारी येते. तीत मीठ नाही, साखर नाही, चव नाही, जीव नाही. दुपारी अळणी भाजी, अळणी आमटी, रात्री अळणी मऊ भात. मला वेगळं वाटू नये म्हणून सगळेच अळणी खातात आणि जेवताना एकमेकांकडे बघत नाहीत. मिठाचा डबा शिरीषनं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय. साठीला टेकलेला मुलगा आईपासून मीठ लपवतो.

खरं म्हणजे मीठ मला समोरच्या पंजाबी बीजींकडे मिळत होतं. रोज दुपारी त्यांच्याकडे बसायला जायचं, आणि त्या मठरीच्या खाऱ्या पुरीबरोबर लिंबाच्या लोणच्याची एक फोड पुढे करायच्या. पुढे रात्री पाय सुजले. डॉक्टरांनी विचारलं, मीठ जातंय का? मी म्हटलं, छे. मंजिरी, अशी बघू नकोस, आता कळलं ना तुला? लिही आणि पुढे चल.

भेटायला येणाऱ्यांचा तर उबग आलाय. महाराष्ट्र मंडळातली जुनी मंडळी, तुमच्या ऑफिसातले राहिलेसाहिलेले. हातात सफरचंदं, आणि प्रत्येकाच्या ओळखीत एकजण टेबलावरच गेलेला. "घाबरू नका हं वहिनी," म्हणायचं, आणि मग त्या गेलेल्या माणसाची गोष्ट शेवटपर्यंत सांगायची. चहा मात्र साखर घालून हवा. ती सफरचंदं आता कुजायला लागली आहेत. त्या वासानं मला मळमळतं, पण टाकवत नाहीत.

आणि कबुतरं. चौदाव्या मजल्यावर दुसरं येणार कोण? गॅलरीला जाळी लावली तरी जाळीला लटकून घुमतात आणि खाली घाण करतात. ती वाळते, उडते, घरात येते. सोसायटीतल्या बायका त्यांना दाणे टाकतात, पुण्य लागतं म्हणून. पुण्य त्यांना आणि पोपडे आम्हाला. एवढ्या या नोएडात कावळा म्हणून दिसत नाही. गेल्या वर्षी तुमचं पान घेऊन शिरीष आणि मी खाली बागेत गेलो, तर गार्ड धावत आला. "अंकलजी, यहाँ खाना डालना मना है, कबूतर आ जाते हैं." मी म्हटलं, "भैया, हमको भी कबूतर नहीं चाहिए, हमको कव्वा चाहिए." तो शिरीषकडे बघायला लागला, आजी ठीक आहेत ना, अशा नजरेनं. शेवटी नाल्याच्या पुलापर्यंत गाडी काढली. तिथे एक कावळा होता, म्हातारा, एका पायानं लंगडा. त्यानं वडा उचलला आणि शिरीष म्हणाला, "चलो, हो गया." जसा काही पार्सल पोचवून आला.

मला मात्र तो दहावा आठवला. यमुनेच्या काठी पिंड ठेवला होता आणि कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. शिरीष म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा हलेना. तुमच्या आक्का नाशिकहून आलेल्या. त्या म्हणाल्या, "घराचं सगळं नीट होईल रे." नाही. नदीचा वास असा येत होता की पदर नाकाला लावूनही उलटीच होईल असं वाटत होतं. वरून ऊन. मला संताप आला. मी म्हटलं, "अहो, पुरे आता. आणखी किती उशीर करणार?" आणि कावळा खाली आला. शिरीष म्हणतो योगायोग. मी म्हणते, माणसाला आपला स्वभाव तोंडावर सांगितला की लागतं.

कारण उशीर हाच तुमचा स्वभाव. ऑफिसात फायलींवर 'पंधरवड्यानंतर सादर करा' लिहायची सवय लागली, ती घरी घेऊन आलात. गळका नळ पंधरवड्यानंतर. माझा माहेरचा प्रवास पंधरवड्यानंतर. आणि मग तुमच्या स्वतःच्या हृदयाची फाईल आली. नळीत अडथळा आहे, फुगा घालून मोकळी करू, डॉक्टर म्हणाले. पेन्शनच्या कार्डावर मंजुरीही आली, तारीखही मिळाली. तुम्ही चष्मा खाली ओढून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलंत आणि म्हणालात, "छे, पितृपक्ष आहे. त्यात नको. मग घट बसतील. दसरा होऊ दे, नंतर बघू."

मी म्हटलं होतं, अहो, छातीला कॅलेंडर कळतं का? तर म्हणालात, "तुला वाचता येत नाही, तू बोलू नकोस."

घट बसले, आणि त्या नवरात्रातल्या अष्टमीला सकाळी तुम्ही वर्तमानपत्र हातात धरून गेलात. दसरा दोन दिवसांवर होता.

आणि आता गंमत बघा. ज्या पंधरवड्याला घाबरून तारीख टाळलीत, त्याच पंधरवड्यात दरवर्षी तुमचं पान वाढावं लागतं. अष्टमीला गेलात म्हणून पितृपक्षातली अष्टमी तुमची. मी खीर ढवळते आणि मला तुमच्या त्या 'नंतर बघू'ची किळस येते. तुमची नाही येत. तुमची आली असती तर सोपं झालं असतं.

एवढंच नाही. शेवटचे काही महिने तुम्ही पथ्याचं अळणी खाल्लंत. मीच वाढत होते. तुम्ही नुसते ताटाकडे बघायचात आणि म्हणायचात, "ऑपरेशन झालं की गवारीची भाजी कर, नीट मीठ घालून." ती राहिली.

आता माझं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं. टेबलावर एक प्लास्टिकचं हृदय होतं, किती जणांनी हाताळलेलं कोण जाणे, खाचांत काळा मळ साठलेला. ते त्यांनी फणसासारखं उघडलं आणि मांडीतून नळी कशी वर जाईल ते पेनानं दाखवलं. नवी झडप तिथून आत नेऊन बसवायची. छाती उघडायची नाही. मी विचारलं, "झडप कसली असते? रबराची?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "नहीं माताजी, टिश्यू की होती है. जानवर की."

"कौन सा जानवर?"

शिरीष म्हणाला, "आई, राहू दे ना."

"गाय का भी होता है," डॉक्टर म्हणाले, "सूअर का भी."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ते चवीचं नाही, उलटीच्या आधी सुटतं ते. सोवळ्यात तुमचं पान वाढणारी मी, आणि माझ्या छातीत हे धडधडणार! घरी येईपर्यंत गाडीत मी बोलले नाही. मंजिरीला वाटलं, मी घाबरले. घाबरले नव्हते, ग. मला घाण वाटत होती. दोन दिवस पाणी पितानासुद्धा तेच डोळ्यांपुढे यायचं. मग एकदा गॅलरीत बसून कबुतरांना हाकलत असताना मनात आलं, त्या जनावराला तरी कुणी विचारलं का, की बाई, तुझी ही झडप एका मराठी म्हातारीत घालू का? त्यालाही किळस आली असती. मग जरा बरं वाटलं. आक्कांना मात्र हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. तुमच्या पोटात काही राहत नाही.

मंजुरीला वेळ लागला, झडप मागवायला वेळ लागला. मग गेल्या आठवड्यात आम्ही जेवत असताना फोन आला. शिरीषनं स्पीकरवर टाकला. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "सर, अगले गुरुवार का स्लॉट खाली हुआ है. श्राद्ध चल रहे हैं ना, काफी लोगों ने आगे करवा लिया. नहीं तो फिर दिवाली के बाद ही मिलेगा."

शिरीषनं मान वर केली, चष्मा खाली ओढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अगदी तुमच्यासारखं. माझा घास हातातच राहिला.

"आई, गुरुवारी बाबांची अष्टमी आहे," तो म्हणाला. मग फोनमध्ये, "हम बताते हैं आपको." मग पुन्हा मला, "दिवाळीनंतर घेऊ या का? रिस्क कशाला?"

मंजिरी त्याला म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, जितकं लवकर तितकं बरं."

"हो, पण या दिवसांत? आणि त्याच दिवशी? काही झालं तर?"

त्याचा आवाज बारीक झाला होता. तुमचा कधी झाला नाही. तुम्ही घाबरलात की पंचांग काढायचात.

मी म्हटलं, "फोन इकडे दे."

"आई, तू..."

"दे म्हणते ना."

आणि मी बोलले. "बेटा, मैं माताजी बोल रही हूँ. वो जगा मेरी है. किसी को मत देना."

"जी माताजी. आपको श्राद्ध में कोई दिक्कत तो नहीं?"

"जिसका श्राद्ध है वो मेरा आदमी है. उसको मैं समझाती."

ती मुलगी हसली आणि म्हणाली, "कन्फर्म कर दूँ?" मी म्हटलं, कर दो. शिरीष उठून गेला. ताटात भात तसाच.

संध्याकाळी आक्कांचा फोन. त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. "अगं सुशीला, पितरांचे दिवस. या दिवसांत शुभकार्य करतात का?"

मी म्हटलं, "वन्सं, मांडीतून नळी घालणार आहेत. यात शुभकार्य कुठे दिसलं तुम्हाला? माझी मुंज आहे का?"

"तुला थट्टा सुचते. माझा भाऊ उपाशी राहील त्या दिवशी."

"तुमच्या भावानं हेच दिवस पाळले होते. पाळून कुठे गेले?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मलाही वाईट वाटलं, पण शब्द परत घेता येईनात, आणि खरं सांगायचं तर घ्यायचेही नव्हते.

शिरीष दोन दिवस माझ्याशी बोटाच्या चिमट्यापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला. "आई, बाबांच्या दिवशी तुला घेऊन जायचं, आणि रिकाम्या हातानं परत यायचं असं झालं, तर मी काय करू?" एवढा मोठा माणूस, रोज नोएडाच्या ऑफिसात शंभर लोकांवर ओरडणारा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. टक्कल पडलंय, तुम्हाला माहीत नसेल. मी म्हटलं, "घाबर. पण घाबरून पुढे ढकलू नकोस. ते तुझ्या वडिलांनी करून बघितलंय."

मग मंजिरीनं गुरुजींना फोन लावला. ते गुरुग्रामला कुणाकडे तरी श्राद्धालाच बसले होते, मागून भांड्यांचा आवाज येत होता. म्हणाले, तिथीला जमलं नाही तर सर्वपित्री अमावास्येला करतात, राहून गेलेल्या सगळ्यांचं त्या दिवशी चालतं. शास्त्रात सोय आहे. मी मंजिरीला म्हटलं, पुन्हा विचार, नक्की? ते म्हणाले, नक्की, आजी.

तर अहो, ऐका. अष्टमीला तुमचं पान नाही. सर्वपित्रीला आहे. माझी तारीख कुणी हलवायची नाही, म्हणून तुमची हलवली. तुमच्या फाईलवर मी तुमचाच शेरा मारलाय. आठ दिवस थांबायला काय होतं तुम्हाला? जन्मभर मला थांबवलंत. शिवाय तुम्हाला आता दम लागत नाही.

रागावलात? रागवा. पण एक विचारते. परवा मला आत नेतील, वर तो पांढरा दिवा असेल, आणि हे लोक मला अम्मा, माताजी, आंटी, वाटेल ते म्हणत असतील. तेव्हा तुम्ही कुठे असाल? अष्टमी तुमची, म्हणजे तुम्ही त्या दिवशी इकडेच असाल ना? घरी पान नाही म्हटल्यावर भटकत दवाखान्यात याल. मला ठाऊक आहे तुमचं.

त्या गणपतीच्या दिवशी तुम्ही मला घ्यायला परत आला होतात. आरती संपून मांडव रिकामा झालेला, मी एकटी सतरंजीवर बसलेली. तुम्ही धापा टाकत आलात, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, आणि म्हणालात, "चल." माफी नाही, काही नाही. नुसतं "चल." मी इतकी चिडले होते, आणि इतकं बरं वाटलं होतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगणारही नव्हते, पण आता मंजिरीनं लिहून टाकलंय.

तर परवा तसं "चल" म्हणायला येऊ नका. आलात तर बाहेर बाकावर शिरीषशेजारी बसा. त्याला सोबत होईल. मला न्यायची घाई करू नका. घाई तुम्हाला शोभतही नाही. मला यायचं तेव्हा मी येईन, रस्ता विचारत विचारत, वाचता येत नसलं तरी.

आणि वचन देते. सर्वपित्रीला तुमचं पान मी स्वतःच्या हातानं वाढीन. जनावराची झडप बसवलेल्या बायकोनं वाढलेलं चालत असेल तर खा, नसेल तर कावळ्याला सांगा. पण वाढीन मीच. वाढायला मी इथे असेन.

तुमचीच, पंधरवड्यानंतर सादर होणारी,
सुशीला
(अंगठा शाईत बुडवून उठवलाय. सहीसाठी नव्हे, आठवण राहावी म्हणून.)

ता. क. हे तुमच्यासाठी नाही, मंजिरीसाठी आहे, पण इथेच लिहून ठेवते म्हणजे हरवायचं नाही. मंजिरी, सर्वपित्रीला मी अंथरुणावरून उठले नाही तर स्वयंपाक तू कर, वाढायला तेवढी मला धरून बसव. खीर, वडे, आमसुलाची चटणी तुला येते. गवारीची भाजी मात्र आठवणीनं कर, आणि वरच्या फळीवरचा डबा खाली काढ. घरात सवय झालीय म्हणून त्यांच्या पानावर अळणी पाठवू नकोस. त्यांचं पथ्य संपलं. भाजीत मीठ नीट घाल, आणि बीजींकडून लिंबाच्या लोणच्याची एक फोड मागून आण. मोठी.